उजव्या खांद्यावरचा हात

दृढीकरण म्हणजे काय, हे मी अंधेरीतल्या आमच्या चर्चमध्ये रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात बरीच वर्षे शिकवत आलो आहे. स्नानसंस्काराच्या, म्हणजे बाप्तिस्म्याच्या, वेळी आईबापांनी तान्ह्या मुलाच्या वतीने जे कबूल केले, ते मुलाने जाणत्या वयात स्वतःच्या तोंडाने कबूल करायचे आणि बिशपांनी त्याच्या कपाळावर पवित्र तेलाने क्रूस काढून त्यावर शिक्कामोर्तब करायचे. शिक्कामोर्तब हा शब्द मी मुद्दाम वापरतो. माझी सारी नोकरी दिवाणी न्यायालयाच्या कचेरीत झाली. शिक्का कशावर मारता येतो आणि कशावर नाही, हे मला कळते. त्या क्षणी मुलाच्या मागे एक माणूस उभा असतो. त्याला धर्मपिता म्हणतात, बाई असेल तर धर्ममाता. त्या माणसाने आपला उजवा हात मुलाच्या उजव्या खांद्यावर ठेवायचा असतो. अर्थ एवढाच, की हे मूल इथवर एकटे आलेले नाही.

या हातावरून आमच्या चर्चमध्ये जे घडले ते मी लिहून ठेवत आहे. नाव कोणाचेही लिहीत नाही, कारण मला कोणाची बदनामी करायची नाही. परंतु असे काही घडलेच नव्हते, असेही मी कोणाला म्हणू देणार नाही.

माझा वर्ग मराठी. पहाटेची मराठी मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, आटोपली की चर्चच्या मागच्या शाळेतल्या एका खोलीत तो भरतो. इंग्रजी वर्गांना हॉल आहे, पडदा आहे, पडद्यावर चित्रे दाखवण्याची सोय आहे. आमच्या वाट्याला लहान मुलांचे बाक, त्यावर नववी-दहावीची उंच पोरे गुडघे पोटाशी घेऊन बसतात. याबद्दलही मी पत्रे लिहिली आहेत. तो वेगळा विषय आहे.

या वर्गात नववीतली एक मुलगी होती. ती शिशुवर्गात असतानाच तिची आई गेली. वडील विमानतळावर मालाच्या विभागात रात्रपाळीला. रविवारी सकाळी घरी येऊन ते जे झोपत, ते दुपारी उठत. तेव्हा ही मुलगी रविवारी मिस्सेला आणि वर्गाला येणारच कशी, असा प्रश्न कोणालाही पडावा. ती आली, कारण शेजारची काकी तिला घेऊन आली. पूर्वी चाळीत दोघींच्या खोल्यांमध्ये एकच भिंत होती. चाळ पाडून इमारत उभी राहिली तेव्हाही दोन्ही घरांनी खटपट करून शेजारशेजारचीच दारे मिळवली. काकी मूळच्या कुडाळकडच्या. यजमान परळच्या गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर कुठे वॉचमनगिरी केली, तेही आता नाहीत. कपाळावर ठसठशीत कुंकू नाही म्हणून काळी टिकली, आणि घरात गणपती, गौर, सत्यनारायण, सगळे यथासांग. ही बाई दर रविवारी अंधारात उठून मुलीच्या वेण्या घालायची, तिला चर्चमध्ये सोडायची, आणि वर्ग सुटेपर्यंत खिडकीबाहेरच्या सिमेंटच्या बाकावर बसून राहायची. मांडीवर पिशवी, पिशवीत आठवड्याचा पाला. मेथी निवडून व्हायची तेवढ्यात माझा धडा संपायचा.

एकदा मी मुलीला ‘आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणायला उभे केले. ती मध्येच अडखळली. खिडकीबाहेरून पुढची ओळ आली, बिनचूक. वर्ग खदखदला. मी खिडकीशी जाऊन सांगितले की बाई, परीक्षेत बाहेरून सांगणे चालत नाही.

“मग तुमी मोठ्यान इचारू नकात,” काकी मेथीवरून मान न उचलता म्हणाल्या. “माका भायर ऐकाक येता.”

घरी रोज संध्याकाळी मुलीचे पाठांतर त्याच घेत, हे मला नंतर समजले. एका हातात आमचे प्रार्थनेचे पुस्तक आणि दुसऱ्या हातात पोळीचे लाटणे.

त्या वर्षी मी मुलांना सांगितले होते की धर्मपिता किंवा धर्ममाता निवडताना श्रीमंत मामा शोधू नका, परदेशातली आत्या शोधू नका. तुम्हाला देवाच्या दारापर्यंत कोणी आणले, याचा विचार करा आणि त्या माणसाला विचारा. मी जे शिकवले ते त्या मुलीने अक्षरशः ऐकले. वर्ग सुटल्यावर ती माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली की तिने काकीला विचारले आहे.

मी तिला तिथल्या तिथे कायदा सांगितला. आमच्या चर्चचा लिखित कायदा आहे. तो माझ्या कपाटात आहे आणि मी तो वाचलेला आहे, जे चर्चचा कारभार पाहणाऱ्या आमच्या पॅरिश कौन्सिलमधल्या किती जणांबद्दल म्हणता येईल याची मला शंका आहे. त्यात स्पष्ट म्हटले आहे की धर्ममाता कॅथलिक असावी लागते आणि तिचे स्वतःचे दृढीकरण झालेले असावे लागते. मुलीने ते शांतपणे ऐकून घेतले.

“पण सर, तुम्हीच म्हणालात ना, कोणी आणलं त्याला विचारा.”

ज्याला उत्तर नाही त्याबद्दल अर्ज करावा, हे मी नोकरीत शिकलो. मी फादरांना पत्र लिहिले. विशेष परिस्थिती मांडली, विनंती केली की वरिष्ठांकडे विचारणा करावी आणि परवानगी मिळण्यासारखी असेल तर मिळवावी. पत्राची पोच घेतली. आमच्या चर्चच्या कचेरीत पोच देण्याची पद्धतच नव्हती. आवक शिक्का मी मागे भांडून करवून घेतला आहे, आणि तो मुख्यत्वे माझ्याच पत्रांवर उमटतो हे मला माहीत आहे. या पत्रावरही उमटला. उत्तर मात्र आले नाही, आणि दृढीकरणाच्या आठवडाभर आधीच्या शनिवारची रंगीत तालीम आली.

तालमीला सगळी मुले आणि त्यांच्यामागे त्यांचे धर्मपिता-धर्ममाता अशी रांग लावली होती. काकी ठेवणीतले इरकली लुगडे नेसून आल्या होत्या. फादर माईक घेऊन एकेकाला त्याची पॅरिश, म्हणजे तो कोणत्या चर्चचा, ते विचारत होते आणि दृढीकरणाचा दाखला बघत होते. आमचे फादर वसईकडचे, वयाने तरुण, स्वभावाने सौम्य. काकींपाशी येऊन त्यांनी विचारले, “तुम्ही कुठल्या पॅरिशच्या?”

“आमी कुडाळचे,” काकींनी सांगितले.

पोरे हसली. फादरही हसले आणि दाखला मागू लागले. काकींनी सरळ सांगितले की दाखला नाही, मी हिंदू आहे, मुलगी शेजारची आहे. माईक चालू होता. हे सगळ्या चर्चला ऐकू गेले. फादरांनी माईक बंद केला, काकींना नम्रपणे बाजूला बसायला सांगितले आणि मला हात करून बोलावले.

त्यांचे म्हणणे असे, की नियम नियम आहे, आणि तो मला त्यांच्यापेक्षा अधिक पाठ आहे. धर्ममातेचे काम एका दिवसापुरते हात ठेवण्याचे नाही. मुलीला पुढे श्रद्धेत चालवण्याचे आहे, आणि ते हिंदू बाई कसे करणार? मी विचारले की आजवर कोणी केले. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “काका, दिवस कसे आहेत तुम्ही बघताय. कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढणार. हिंदू बाई, समोर बिशप, तेल, प्रार्थना. बाहेर काय म्हणतील? उद्या गेटवर जमाव आला तर तुम्ही पत्र देणार त्यांना?”

मी म्हणालो, देईन, आणि पोचही घेईन.

ते म्हणाले, सोपा मार्ग आहे, मुलीच्या मागे तुम्हीच उभे राहा, तुम्ही तिचे शिक्षक आहात. मी नकार दिला. मुलीने मला निवडलेले नव्हते. दुसऱ्याच्या जागी सही करणारे पुष्कळ लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांचे पुढे काय होते तेही पाहिले आहे.

येथे मला एक गोष्ट मान्य केली पाहिजे, कारण अर्धे सांगणे मला जमत नाही. नियमाच्या पहिल्या मुद्द्यावर फादर बरोबर होते. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीला धर्ममाता करण्याची मुभा कायद्यात मला कुठेही सापडली नाही, आणि मी शोधण्यात कसूर केली नव्हती. आयुष्यभर ज्या कायद्याच्या बळावर मी भांडलो, तोच या वेळी माझ्याविरुद्ध उभा होता. म्हणून मी कायद्यावर चिडलो नाही. चिडलो ते त्या घाईवर. बाईला माईकवरून बाजूला करायला क्षणभर पुरला. आणि तिने इतकी वर्षे जे केले त्याबद्दल एक शब्द बोलायला त्या संपूर्ण इमारतीत एकाही माणसाला सवड झाली नाही.

त्याच संध्याकाळी काकींचा मुलगा माझ्या घरी आला. तो बोरीवलीला राहतो, चांगल्या नोकरीत आहे. आत येऊन बसलासुद्धा नाही. त्याला सोसायटीतल्या कोणीतरी कळवले होते. त्याचे म्हणणे: माझ्या आईला तुमच्या भानगडीत ओढू नका, लोक आम्हाला विचारतात की आई बाटली काय. मी त्याला समजावून सांगितले की असे काहीही नाही. तो म्हणाला, “तुम्हाला नसेल, काका. आम्हाला राहायचंय चार लोकांत.” फादरांची भीती आणि याची भीती यांत मला काडीचाही फरक दिसला नाही. एक गेटच्या आतून घाबरत होता, एक बाहेरून, आणि दोघांच्या मध्ये बाकावर बसलेल्या बाईला कोणी काही विचारले नव्हते.

मी दुसऱ्या दिवशी विचारायला गेलो. काकींनी चहा ठेवला. मुलगी तिथेच जमिनीवर बसली होती, डोळे सुजलेले. काकींनी मुलाला परस्पर उत्तर देऊन टाकले होते; मी तुका इचारूक नाय, एवढेच म्हणाल्या होत्या. पण मुलीलाही त्या समजावत होत्या, की तू वर जा, माझ्यासाठी अडून राहू नकोस, सर राहतील मागे उभे.

“मग मी घेणारच नाही दृढीकरण,” मुलगी म्हणाली. “आयुष्यभर नको मला.”

तेव्हा मला खरे काय पणाला लागले आहे ते कळले. मोठी माणसे आपापल्या भीतीची राखण करत बसली होती, आणि त्या भरात ही मुलगी स्वतःचा हक्क खिडकीबाहेर फेकून द्यायला निघाली होती. मी तिला कडक शब्दांत सांगितले की दृढीकरण फादरांचे नाही, माझे नाही, काकींचेही नाही. ते तुझे आहे. रागाच्या भरात सोडून दिलेला हक्क परत मिळवायला फार अर्ज करावे लागतात. आणि मग मी तिला कायद्यातली ती दुसरी गोष्ट सांगितली, जी रात्रभर माझ्या डोक्यात होती. दृढीकरणाच्या वेळी मागे धर्मपिता किंवा धर्ममाता असावी, शक्य असेल तेथवर. असावीच, असे म्हटलेले नाही. मुलाला शिकवण मिळालेली असली, त्याची तयारी असली, तर मागे कोणी नाही या कारणावरून त्याला परत पाठवता येत नाही. आणि तिच्या मर्जीविरुद्ध कोणा परक्याचा हात तिच्या खांद्यावर ठेवण्याचा अधिकारही कोणाला दिलेला नाही.

मुलीने चहाचा कप खाली ठेवला.

“म्हणजे मागे कोणी नसलं तरी चालतं?”

चालते, मी म्हणालो.

“मग कोणी नको. रिकामंच राहू दे, सर. सगळ्यांना दिसू दे रिकामं आहे ते.”

काकी तिच्याकडे बघून म्हणाल्या, “तुमच्या देवाक चालता मा ह्या?” प्रश्न मात्र मला होता. मी म्हणालो, देवाचे मला ठाऊक नाही, पण कायद्याला चालते.

मी पत्र लिहिले, फार लांब लिहिले नाही. फादरांनी ते वाचले आणि, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो, मान्य केले. फक्त मुलीला रांगेत शेवटी ठेवायचे ठरवले, म्हणजे फारसे कोणाच्या लक्षात येणार नाही. मी दुसरे पत्र दिले. बाकीच्या मुलांची रांग उंचीप्रमाणे आहे. या मुलीला उंचीमुळे मध्ये जागा मिळते. तिला शेवटी पाठवणे ही शिक्षा आहे, आणि शिक्षेला गुन्हा लागतो, तो कोणता ते लेखी कळवावे. रांग उंचीप्रमाणेच राहिली.

दृढीकरणाच्या दिवशी चर्च भरले होते. पांढऱ्या कपड्यांतली मुले पुढे, त्यांच्या मागे त्यांची मोठी माणसे. मी, मुलीचे वडील आणि काकी मधल्या एका बाकावर बसलो होतो. वडील रात्रपाळीवरून तसेच आले होते, शर्ट मात्र कुठेतरी बदललेला. काकी येणार नाहीत असे मला वाटले होते, मुलाने फोनवर फोन केले होते. त्या आल्या, पदर डोक्यावरून घेऊन बसल्या.

जोड्या पुढे जात होत्या. मूल, मागे हात. मूल, मागे हात. मग ती मुलगी एकटी गेली. तिच्या पुढच्या आणि मागच्या जोडीमध्ये ती एवढी बारीक दिसली की मला माझ्या स्वतःच्या पत्राचा क्षणभर राग आला. बिशपांनी अंगठा तेलात बुडवला आणि सवयीने तिच्या खांद्याच्या मागे पाहिले. मागे कोणी नव्हते. त्यांनी खाली वाकून काहीतरी विचारले. तिने उत्तर दिले आणि मान वळवून आमच्या बाकाकडे पाहिले. तिने काय सांगितले ते मला नंतर तिनेच सांगितले: “ती तिथे बसलीये. ती हिंदू आहे म्हणून तिला इथे येता येत नाही. पण तीच आहे.”

काकी उभ्या राहिल्या.

त्या वेळी लोकांनी बसून राहायचे असते. मागच्या बाकावरच्या एका बाईने त्यांचा पदर ओढून, आंटी, बसा, असे हळूच सांगितले. काकी बसल्या नाहीत. पुढे गेल्या नाहीत, हात उचलला नाही. आपल्या जागेवर ताठ उभ्या राहिल्या. मग मुलीचे वडील उभे राहिले. मीही उभा राहिलो. बिशपांनी आमच्याकडे पाहिले, किती वेळ ते मी सांगणार नाही, कारण अशा वेळी माणसाला नीट मोजता येत नाही. मग त्यांनी मुलीच्या कपाळावर क्रूस काढला. ती परत फिरून आपल्या जागी बसेपर्यंत काकी उभ्या होत्या.

बाहेर पायऱ्यांवर फोटो चालले होते. काकी चपला घालत मला म्हणाल्या, “मास्तर, मी चुकलंय काय? उभ्या रवाक पण कायदो लागता?” मी म्हणालो, मी शोधून बघतो. तसा कायदा नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होते. पण त्यांना हसू आले, तेवढे पुरे झाले.

पुढच्या आठवड्यात फादरांनी मला कचेरीत बोलावले. कोणीतरी काढलेला व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर फिरला होता. गेटवर जमाव मात्र आलेला नव्हता. आलेले होते ते कौन्सिलमधल्या काही मान्यवरांचे फोन. फादर थकलेले दिसत होते. पुढच्या वर्षी वर्ग कोणा तरुण माणसाकडे द्यावा असे काहींचे मत आहे, असे ते म्हणाले. हा त्यांचा अधिकार आहे, तो मी नाकारला नाही. मी फक्त एवढेच म्हणालो की काढायचे असेल तर लेखी काढा आणि कारण लिहा.

“काका, तुमचं म्हणणं खरं ठरलं, तुम्ही जिंकलात,” ते म्हणाले. “आता तरी पुरे करा ना.”

मी जिंकलेलो नाही, हे मी त्यांना सांगितले आणि येथेही लिहितो. मुलीला तिचे दृढीकरण मिळाले, ते तिचेच होते, कोणी दिले नाही. पण ती वर एकटी होती आणि तिची काकी खाली उभी होती. त्या दोघींच्या मध्ये बाकांच्या रांगा होत्या. ज्या दिवशी ते अंतर आम्हाला लाज आणील, त्या दिवशी मी पुरे करीन. तोवर नाही. बिशपांच्या नावे मी सविस्तर पत्र पाठवले आहे. धर्ममातेचा नियम बदलावा, असे त्यात मागितलेले नाही. तसा बदल त्यांच्या हातात नाही हे मला कळते. ज्या माणसाने मूल आणले, मग तो कोणत्याही धर्माचा असो, त्याला त्या मुलासोबत पुढे येऊन शेजारी उभे राहता यावे, हात न ठेवता, पदवी न घेता, एवढेच मागितले आहे. शेजारी उभे राहायला मनाई करणारे कलम असल्यास ते मला दाखवावे, असेही लिहिले आहे.

उत्तर आलेले नाही. मला काढल्याचे लेखी पत्रही आलेले नाही, त्यामुळे रविवारी पहाटेच्या मिस्सेनंतर मी वर्ग घेतो. यंदाच्या मुलांनाही मी तेच सांगितले, की तुम्हाला इथवर कोणी आणले त्याचा विचार करा आणि त्यालाच विचारा. पहिल्या बाकावरच्या एका मुलाने हात वर करून विचारले की आजोबा मुसलमान असतील तर चालेल का. वर्गात कोणी हसले नाही. मी त्याला म्हणालो, तू आधी आजोबांना विचार, बाकीचे मी बघतो.